सोसायटीतली मांजरं : पिंजरा, पिल्लं, कुंड्या आणि कमिटी

या वेळी मांजरांवरची पत्रं बरीच आली. काही खायला घालणाऱ्यांची आहेत, काही सोसायटीच्या कमिट्यांची, आणि दोन्ही बाजूंची तक्रार बहुधा एकमेकांबद्दलच आहे. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देत आहोत. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती मांजर तपासून डॉक्टरनेच ठरवायची असते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या आवारात तीन मांजरं होती, आता चौदा झाली आहेत. मी रोज संध्याकाळी त्यांना खायला घालते. कमिटीचं म्हणणं, खाणं बंद करा, नाहीतर सगळी पकडून मासळीबाजाराजवळ सोडून येऊ. तिथे ती जगतील तरी का? – वाचक, डोंबिवली

उत्तर : तिनाची चौदा होण्यात नवल काही नाही. भाटी (मादी मांजर) चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे आपल्या डोळ्यांना ती अजून पिल्लूच दिसत असते. ६३ ते ६५ दिवसांत ती विते, एका वेताला तीन ते पाच पिल्लं देते, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन वेतं तर सहज होतात. उघड्यावर जन्मलेल्या पिल्लांतली निम्म्याहून जास्त पिल्लं सहा महिन्यांच्या आत जातात. गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, किंवा कॅट पार्व्हो या विषाणूच्या आजाराने. आकडा चौदावरच दिसतो तो त्यामुळे.

बाजारात सोडलेल्या मांजरांतली फार थोडी टिकतात. तिथे आधीची मांजरं असतात, त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि नव्याला मार बसतो. पाणी कुठे, लपायचं कुठे, हे त्याला ठाऊक नसतं. काही घराकडे परत निघतात आणि रस्ता ओलांडताना मरतात. इकडे तुमच्या आवारातले कचऱ्याचे डबे, पार्किंग, पंपरूमचा आडोसा जागच्या जागीच असतो. शेजारच्या गल्लीतली, नसबंदी न झालेली मांजरं थोड्या महिन्यांत तिथे येऊन बसतात आणि कमिटीची मेहनत फुकट जाते. शिवाय उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा होऊ शकतो, हेही कमिटीच्या कानावर घाला.

खाणं बंद केल्यानेही मांजरं जात नाहीत. ती पांगतात, डबे उपसतात, आणि पकडायची वेळ आली की एकही हाती लागत नाही. रोज ठरल्या वेळी ती सगळी एका जागी जमतात, ती तुमच्या भांड्यापाशी. नसबंदीची मोहीम त्या अर्ध्या तासातच होऊ शकते. पण हेही सरळ सांगतो : नसबंदी न करता नुसतं खायला घालत राहणं म्हणजे पुढच्या वेताची सोय करणं. कमिटीचा राग त्या बाबतीत अगदीच अनाठायी नाही.

सुरुवात वहीने करा. प्रत्येक मांजराचा दोन्ही बाजूंनी फोटो, रंग, शेपटीची खूण, नर की मादी, कानाचं टोक कापलेलं (म्हणजे नसबंदी झालेली) आहे का, गाभण किंवा पाजती आहे का, एवढं लिहा. तीन रंगांचं मांजर जवळजवळ हमखास भाटी असते. केशरी बहुतेक बोके निघतात. गालफडं रुंद झालेला बोका वयात आलेला. आधी भाट्या घ्या, कारण एक बोका उरला तरी तो सगळ्यांना पुरतो, उलट बोके कितीही केले तरी बाहेरचा एक येतोच. वस्तीतल्या निदान ७० टक्के मांजरांची नसबंदी झाल्याशिवाय संख्या खाली येत नाही असा साधारण अनुभव आहे, पण चौदाच मांजरं असतील तर चौदाही करा. दहा करून थांबलात आणि उरलेल्या चारांत दोन भाट्या निघाल्या, तर वर्षभरात पुन्हा तिथेच याल.

मुंबई महापालिकेने २०१९ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत मांजरांची नसबंदी सुरू केली. तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि मांजरांसाठी कोणती संस्था काम करते ते विचारा. कुत्र्यांची व्यवस्था असते तिथे मांजरांचीही असेलच असं नाही. वेळ निवडायला मिळाली तर दिवाळीचे फटाके संपल्यापासून जानेवारीपर्यंतची घ्या. दिवस मोठे होऊ लागले की माज वाढतो आणि मार्चपासून पिल्लांची रांग लागते.

प्रश्न : एका संस्थेने पिंजरा दिला. दोन रात्री लावला. एक मांजर आत जाऊन बोंबील खाऊन निघून गेलं, दुसऱ्याच्या शेपटीवर दार पडलं आणि ते पळालं. आता कुणीच जवळ येत नाही. चुकतंय कुठे? – वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही वेळा पिंजऱ्याने दगा दिला आहे, मांजराने नाही. खटक्याची पट्टी, म्हणजे जिच्यावर पाय पडला की दार पडतं ती, हलकं मांजर ओलांडून जातं किंवा तिच्या कडेने निसटतं. पट्टीवर तिच्याहून थोडा मोठा पुठ्ठा चिकटवा, म्हणजे पाय पडतोच. शेपटीवर दार पडलं याचा अर्थ आमिष खटक्याच्या फार जवळ होतं आणि मांजर पूर्ण आत शिरण्याआधीच पट्टी दाबली गेली. आमिष नेहमी पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या भिंतीला लावून ठेवायचं.

आता क्रमाने. पिंजरा ३० ते ३६ इंच लांब, १० ते १२ इंच रुंद आणि साधारण १२ इंच उंच असावा. मागे सरकतं दार असेल तर दवाखान्यात फार सोपं जातं. उंदराचा मोठा पिंजरा चालत नाही. मांजर वळू शकत नाही आणि तोंड आपटून घेतं. लावण्याआधी तो सपाट जमिनीवर ठेवून हाताने हलवून पाहा. किंचित डगमगला तरी मांजर आत पाय ठेवणार नाही. खाली वर्तमानपत्राची घडी घाला, तिच्या कडा जाळीखाली दाबा, नाहीतर वाऱ्याने कागद फडफडतो आणि खेळ संपतो. दार गंजून अडकत असेल तर बिजागरीला खोबरेल तेलाचं बोट लावा.

शस्त्रक्रियेची तारीख आधी पक्की करा, मग पकडा. उलटं केलंत तर रविवारी सकाळी चार पिंजरे आणि बंद दवाखाना अशी गत होते. आदल्या संध्याकाळपासून मोठ्या मांजरांना खाणं द्यायचं नाही, पाणी मात्र ठेवायचं. इथे बहुतेक मोहिमा फसतात, कारण तुम्ही बंद केलंत तरी वॉचमन पोळी टाकतो, समोरच्या विंगमधल्या आजी दूधभात ठेवतात आणि सकाळी मासेवाली डोकी फेकून जाते. तिघांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. लहान पिल्लांना असं रात्रभर उपाशी ठेवू नका. त्यांचे तास डॉक्टरला विचारून घ्या.

पिंजरा भिंतीच्या कडेला, मांजरांच्या रोजच्या वाटेवर लावा. मोकळ्या मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या पेटीत कोण जाईल? भाजलेला बांगडा, सुके बोंबील, सुकट किंवा तेलातला डबाबंद ट्यूना, यांतलं वासाचं काहीही चालतं. पण एकच चमचा. भूल द्यायची आहे, पोट भरून न्यायचं नाही. दारापासून आतपर्यंत चार-पाच कण टाकत जा. मग १५-२० फुटांवर आडोशाला थांबा आणि दर दोन मिनिटांनी वाकून पाहू नका. पिंजरा लावून घरी झोपायला जाणं अजिबात नको. अडकलेलं मांजर कुत्र्यांच्या आणि पोरांच्या तावडीत सापडतं, घाबरून नाक रक्तबंबाळ करून घेतं.

दार पडलं की पहिल्या दहा सेकंदांत जुनी चादर टाकून पूर्ण पिंजरा झाका. अंधार झाला की धडपड मिनिटाभरात थांबते. प्लास्टिकच्या पट्टीने दार बांधा, चिठ्ठीवर क्रमांक आणि पकडल्याची नेमकी जागा लिहून लावा, आणि पिंजरा बाजूला नेऊन दुसरा लावा. पाळीव वाटलं तरी बाहेर काढून हातात घेऊ नका. एका पिंजऱ्यात दोन मांजरं नकोत. गोणीत घालून तर मुळीच नेऊ नका. गुदमरतं आणि गोणीतूनही चावतं. स्कूटरवर न नेता रिक्षा किंवा टेम्पो घ्या आणि हवेसाठी चादरीची एक बाजू वर ठेवा.

जी मांजरं आता बिचकली आहेत त्यांच्यासाठी आठवडा द्या. दार तारेने वर बांधून ठेवा आणि रोजचं खाणं पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग दोन दिवसांनी थोडं आत, मग पार मागे ठेवा. ती निवांत आत जाऊन जेवायला लागली की एका दिवशी तार सोडा. त्यानेही जमलं नाही तर संस्थेकडे दोरीने पाडायचा, वरून पडणारा ट्रॅप असतो, तो मागा. पाजत्या भाटीला पकडायचं असेल आणि पिल्लं आधी हाती आली असतील, तर पिल्लांचा झाकलेला छोटा पिंजरा मोठ्याच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. आवाजावर ती आत येते.

प्रश्न : ऑपरेशननंतर मांजर किती दिवस ठेवायचं? एका भाटीला पिल्लं आहेत, तिचं दूध आटेल का? आणि कान कापणं खरंच गरजेचं आहे का? बघवत नाही. – वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बोक्याची जखम लहान असते, पूर्ण शुद्धीवर येऊन खाऊ लागला की साधारण २४ तासांत सोडता येतो. भाटीला दोन-तीन दिवस ठेवावं. संस्थेचं केंद्र त्याहून जास्त ठेवत असेल तर घाई करू नका. पाजती असेल तर मात्र २४ तासांच्या आसपास सोडावं लागतं. पिल्लं जन्मून पाच-सहा आठवडे झालेली असतील तर सगळ्यांत बरं. दूध आटत नाही, ती परत गेल्यावर पाजते. पाजत्या भाटीसाठी बरेच डॉक्टर पोटाखाली चीर न देता कुशीत, म्हणजे पोटाच्या बाजूला देतात. दुधाच्या ग्रंथींना धक्का लागत नाही आणि टाका लांबूनही दिसतो. ‘कुशीत कराल का’ असं विचारून घ्या. टाके विरघळणारे हवेत, कारण रानटी मांजर टाके काढायला पुन्हा सापडणार नाही.

भुलीतून उतरताना मांजराचं अंग गार पडतं, आणि सांभाळणाऱ्याच्या हातून चूक होते ती इथेच. थेट फरशीवर पिंजरा ठेवू नका, खाली गोणपाट किंवा जाड पुठ्ठा घाला, पंखा बंद ठेवा. मान नीट धरता येईपर्यंत पाणीसुद्धा नको, झोपेत श्वासनलिकेत जातं. मग पाणी, आणि काही तासांनी थोडं खाणं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यातून रक्त टपकतंय, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय किंवा दुसऱ्या दिवशीही खात नाही, यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, डॉक्टरला गाठा. सोडताना जिथे पकडलं तिथेच, रस्त्याकडे पाठ करून दार उघडा आणि मागे सरा. दोन-तीन दिवस ते फिरकणार नाही, घाबरू नका.

सोडल्यावरच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोका नसबंदीनंतरही काही आठवडे भाटीला गाभण ठेवू शकतो. आणि नसबंदी झालेली भाटी काही महिन्यांनी पुन्हा ओरडत माजावर आली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. डॉक्टरला दाखवावं लागतं.

कान कापावाच. भुलीतच डाव्या कानाचं सुमारे एक सेंटिमीटर टोक सरळ रेषेत घेतात, दुखत नाही. सरळ कापलेला कान लांबून ओळखू येतो. कडेला घेतलेली खाच मारामारीत फाटलेल्या कानासारखी दिसते. खूण नसेल तर पुढच्या मोहिमेत तीच भाटी पुन्हा पकडली जाते, पुन्हा भूल, आणि कधीकधी पोट उघडल्यावरच कळतं की काम आधीच झालेलं आहे.

प्रश्न : टेरेसवर पाण्याच्या टाकीमागे चार पिल्लं सापडली, डोळे मिटलेले. आई दिसत नाही. आम्ही ती घरात आणून ड्रॉपरने गायीचं दूध देतोय, पण दोघांना जुलाब झाले. – वाचक, मुलुंड

उत्तर : गायीचं दूध आत्ता थांबवा. त्यातली लॅक्टोज साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा प्रश्न. जुलाब झालेल्या दोघांना आजच डॉक्टरकडे न्या. ड्रॉपरही धोक्याचा, दूध जोरात आत जाऊन फुप्फुसात उतरतं.

मुळात ही पिल्लं उचलायला नको होती, असं पत्रावरून वाटतं. भाटी शिकारीला, खायला, किंवा नवी जागा शोधायला तासन्‌तास बाहेर असते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ते काही खोटं नाही. ती एकेक करून हलवते, आणि आपण नेमके मधल्या फेरीत पोचतो. पिल्लं ऊबदार, स्वच्छ आणि गुपचूप झोपलेली असतील तर आई आसपास आहे असं समजायचं. गार, मळकी आणि सतत ओरडणारी असतील तर काळजी. शंका असेल तेव्हा पिल्लांभोवती कणकेची पातळ रेघ ओढून लांब जा. चार-पाच तासांनी रेघ पुसलेली आणि पावलं उमटलेली दिसली तर ती येऊन गेली. ऊन-पाऊस लागत असेल तर जवळच्याच आडोशाला आडवं खोकं ठेवून त्यात सरकवा. माणसाचा हात लागला म्हणून भाटी पिल्लांना टाकत नाही.

तब्येत बरी असेल ती पिल्लं आज संध्याकाळी टेरेसवर त्याच जागी ठेवून पाहा, कोमट पाण्याच्या बाटलीसकट, आणि लांबून नजर ठेवा. एका रात्रीनंतरही आई आली तर ती बऱ्याचदा स्वीकारते. नाही आली तर पुढचे चार आठवडे तुमचे.

पहिली ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, त्याला पाजलं तर दूध तसंच कुजतं. खोक्यात अर्ध्या भागात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, अर्धा भाग मोकळा ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्यांना सरकता येतं. पहिल्या आठवड्यात आतलं तापमान ३० अंशांच्या आसपास हवं. दूध मांजराच्या पिल्लांसाठीच्या पावडरीचं, डब्यावरच्या प्रमाणात, मनगटावर कोमट लागेल असं. १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात साधारण २० ते २५ मिली, म्हणजे आठ वेळा विभागलं तर एका वेळी तीनेक मिली. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरा दर तीन-चार तासांनी. पुढे अंतर वाढवत न्या. पिल्लू पोटावर, आईला पिताना असतं तसं ठेवा. बाळासारखं उताणं धरून पाजलेली पिल्लं न्यूमोनियाने जातात. प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसा. तीन आठवड्यांपर्यंत ते त्यांना आपलं आपण जमत नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन घ्या. जन्मताना साधारण १०० ग्रॅम, पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. एक दिवस वजन न वाढणं ही सूचना आहे, घटणं ही धोक्याची घंटा. पिल्लू दिसायला धडधाकट आणि वजन उतरतंय असं होतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. माणसाची सवय लावायचा काळ दुसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. या दिवसांत रोज हाताळलेली पिल्लं घरी दत्तक जाऊ शकतात. चार महिने उलटून गेलेलं, फिस्कारणारं पिल्लू घरात कोंडून माणसाळवण्याचा हट्ट बहुधा दोघांनाही छळतो. त्याची नसबंदी करून आवारातच राहू द्यावं. आणि आई दिसली की तिला पिंजरा, नाहीतर दोन महिन्यांनी टाकीमागे पुन्हा चार.

प्रश्न : मी सेक्रेटरी आहे. तक्रारी तीन : पार्किंगमध्ये लघवीचा उग्र वास, कुंड्यांत घाण, आणि दुचाकींच्या सीट फाटतात. आम्ही डांबरगोळ्या टाकल्या, काळं फिनाइल मारलं, लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. उपयोग नाही. – वाचक, नाशिक

उत्तर : डांबरगोळ्या आणि फिनाइल दोन्ही आजच काढा. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी रसायनं निकामी करायची यंत्रणा फार दुबळी असते. ते फिनाइलवरून चालतं, पंजे चाटतं आणि विषबाधा होते. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रांगणारं मूल तीच गोळी तोंडात घालू शकतं. लाल बाटल्यांनी निदान नुकसान काही नाही, कुणाला बरं वाटत असेल तर राहू द्या.

उग्र वास जवळजवळ नेहमी नसबंदी न झालेल्या बोक्याचा. तो उभ्या पृष्ठभागावर, शेपटी थरथरवत फवारा मारतो. नसबंदीनंतर दहांतल्या साधारण नऊ बोक्यांचं हे थांबतं किंवा खूप कमी होतं, पण त्याला काही आठवडे लागतात. आणि जुना वास शिल्लक असेल तर नवा बोका त्यावर आपली सही करायला येतोच. म्हणून आधी साध्या पाण्याने भरपूर धुवा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर ओता आणि तो आपसूक वाळू द्या. सिमेंटच्या प्लिंथला दोनदा लागतो, कारण ते शोषून घेतं. व्हिनेगर स्वस्त पडतं, पण मार्बल किंवा कोटा लादीवर नको, चकाकी जाते. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, त्यातल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू निघतो.

कुंडीची माती मोकळी असते म्हणून मांजर तिथे जातं. एक इंची जाळी रोपाभोवती कापून मातीवर सपाट दाबा, किंवा करवंट्या उपड्या लावा. उकरता आलं नाही की ते दुसरी जागा शोधतं, आणि ती जागा तुम्हीच द्यायची. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, पावसापासून झाकलेल्या जागी, दोन बाय दीड फुटांच्या टबमध्ये चार-पाच इंच बारीक रेती. तीन-चार मांजरांमागे एक टब धरा. सुरुवातीला कुंडीतली थोडी वापरलेली माती त्यात टाका, म्हणजे कळतं. घाण रोज काढायची. तीन दिवस राहिली की मांजरं पुन्हा कुंडीत. हे काम खायला घालणाऱ्यांनी वाटून घ्यावं अशी अट कमिटीने जरूर घालावी, ती रास्त आहे.

सीटसाठी तीन फूट उंचीचा ओंडका काथ्याची दोरी गुंडाळून उभा पक्का बांधा, मांजरं झोपतात त्याच्या जवळ. नखं घासण्याआधी अंग ताणायचं असतं, म्हणून ओंडका हलला तर त्याला ती शिवणार नाहीत. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय पावसाळ्यात सगळ्यांना लावा, पिल्लं इंजिनाशी ऊब घ्यायला शिरतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, घरात मासे-अंडी चालत नाहीत. दूध-पोळी आणि बिस्किटं पुरतात ना? – वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पोट भरतं, पोषण होत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-माशांतूनच येतो. त्याच्या कमतरतेने दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. दुधाने तर बऱ्याच मोठ्या मांजरांनाही जुलाब होतात. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मांजरांचं तयार कोरडं खाणं. पिशवी घराबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येते. कुत्र्यांचं स्वस्त पडतं म्हणून ते आणू नका, त्यात मांजराला हवं तेवढं टॉरिन असेलच असं नाही. चारेक किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम, दहा मांजरांना ६०० ग्रॅम.

मासे घालणाऱ्यांसाठीही दोन शब्द : कच्चे नकोत, काही माशांतल्या एन्झाइममुळे थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं. रोज फक्त मासेही नकोत, ई जीवनसत्त्व कमी पडतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं कधीच नकोत. वेळ ठरलेली, जागा कुणाच्या खिडकीखाली नसलेली, आणि अर्ध्या तासाने भांडी उचललेली. उरलेलं पडून राहिलं की उंदीर, कावळे आणि झुरळं येतात आणि नाव मांजरांचं होतं. मुंग्यांसाठी भांडं पाण्याच्या ताटलीत ठेवा.

प्रश्न : नातवाला आवारातल्या मांजराने बोचकारलं, थोडं रक्त आलं. त्या मांजराचा कान कापलेला आहे, म्हणजे लस झालेली ना? आणि सून गरोदर आहे, तिला मांजरांपासून धोका आहे का? – वाचक, कल्याण

उत्तर : कापलेला कान नसबंदी सांगतो, लसीची तारीख सांगत नाही. रेबीजची लस बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी देतात आणि ती दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. मांजरापासून रेबीज होऊ शकतो, म्हणून कान पाहून निर्धास्त होऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात न्या. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लस त्वचेत देतात तेव्हा ० (पहिला दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. मधला डोस चुकवू नका. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस थांबवून ठेवायची नाही. बोचकारण्याऐवजी चावा असेल तर दात खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. त्याला वेगळं औषध लागतं.

सुनेला टोक्सोप्लाझ्माची काळजी घ्यायची आहे. मांजर तो जंतू सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकतं, आणि विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस जातात. मांजर दिसलं किंवा अंगाला घासलं म्हणून काही होत नाही. अर्धंकच्चं मांस, न धुतलेली पालेभाजी आणि हातमोज्यांविना केलेलं कुंड्यांचं काम, धोका तिथे जास्त. रेतीचा टब साफ करायचं काम या महिन्यांत दुसऱ्याने करावं.

प्रश्न : कमिटीने खायला घालणाऱ्यांना दंडाची नोटीस लावली. मागच्या आठवड्यात दोन मांजरं फेस येऊन मेली. काय करता येईल? – वाचक, अंधेरी

उत्तर : प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला नियम २० वाचा आणि त्याची प्रत कमिटीला द्या. आवारातल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संस्थेची जबाबदारी आहे, असं तो सांगतो. जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिने आणि प्रवेशद्वारांपासून दूर असावी, वेळ ठरवावी आणि घालणाऱ्याने घाण करू नये, हेही त्यातच आहे, तेव्हा ते आधी पाळा. वाद मिटला नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि प्राणी कल्याण संस्था यांचे प्रतिनिधी असलेली समिती निर्णय देते.

विषबाधेत वेळ महत्त्वाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला विष घालून मारणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मेलेलं मांजर पुरून टाकू नका. वेळ-तारखेसह फोटो काढा, ओकारी आणि शेजारी पडलेलं खाणं हातमोजे घालून वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत भरा, शव बर्फात ठेवा. डीप फ्रीजरमध्ये नको, गोठल्याने तपासणी अवघड होते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि शवविच्छेदनासाठी पत्र मागा. शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकेल का, ते लगेच विचारा.

जिवंत असेल तर मीठपाणी, दूध, तेल काही पाजू नका. झटके येत असताना पाजलेलं फुप्फुसात जातं. शक्य असेल तर विषाचं पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष असेल तर काही तासांतच ओकाऱ्या आणि झटके सुरू होतात. ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या दुसऱ्या विषाच्या वड्यांचा परिणाम तीन-चार दिवसांनी रक्तस्रावातून दिसतो, पण त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. वडी सोसायटीनेच उंदरांसाठी ठेवली होती का, तेही तपासा. मांजर विष खाल्लेला उंदीर खाऊनही सापडतं.

प्रश्न : नसबंदी केलेलं मांजर आळशी होतं, उंदीर मारत नाही, असं म्हणतात. खरं का? – वाचक, दादर

उत्तर : नाही. शिकारीचा आणि माजाचा संबंध नाही, भरल्या पोटीही मांजर झडप घालतं. मात्र गटारातल्या घुशीच्या वाटेला सहसा कुठलंच मांजर जात नाही, नसबंदी झालेलं असो वा नसो. घुशी असतील तर कचऱ्याचे डबे झाका आणि ड्रेनेजच्या जाळ्या बसवा.